इंग्रजी सर्वनामं नेमकी कशी निवडायची: इंदूरच्या मराठी मंडळींसाठी

इंदुरात मराठी घरात वाढलेल्या माणसाच्या तोंडी दिवसभरात तीन भाषा असतात. घरी मराठी, बाजारात हिंदी, आणि ऑफिसच्या मेलमध्ये, मुलाखतीत किंवा परीक्षेच्या पेपरात इंग्रजी. या तिसऱ्या भाषेत शब्द बऱ्यापैकी आठवतात, काळही जमून जातात, पण 'आय' लिहायचं की 'मी' (एम-ई), 'हू' की 'हूम', अपॉस्ट्रॉफी (अक्षरांमध्ये वरच्या बाजूला येणारं स्वल्पविरामासारखं चिन्ह) द्यायचा की नाही, इथं हात थबकतो. भंवरकुआंच्या क्लासांत बँकेची किंवा एसएससीची तयारी करणारी मुलं, सुपर कॉरिडॉरवर नुकती नोकरीला लागलेली मंडळी, मुलांचा अभ्यास घ्यायचा म्हणून इतक्या वर्षांनी इंग्रजी पुन्हा हातात धरलेल्या आया, या सगळ्यांना डोळ्यांपुढे ठेवून हे लिहितो आहे.

"मराठीतून विचारच करू नका, थेट इंग्रजीत करा" असा सल्ला सर्रास दिला जातो. नवशिक्याला त्याचा काडीचा उपयोग नाही असं माझं स्पष्ट मत आहे. मी, मला, माझा, माझ्याशी यांतला फरक आपण शाळेत जायच्या आधीपासून बिनचूक करतो. तो, ती, ते वेगळे ओळखतो, जे इंदूरच्या हिंदीतला एकटा 'वो' करत नाही. ही तयारी फेकून द्यायची नाही, कामाला लावायची. मात्र काही ठरावीक जागी मराठीची वाट एकीकडे जाते आणि इंग्रजीची दुसरीकडे. त्या जागा ओळखता आल्या की बहुतेक चुका आपोआप थांबतात.

वाचताना एक लक्षात ठेवा. इंग्रजी शब्द इथे देवनागरीत, एकेरी अवतरणात दिले आहेत. 'मी' असं दिसलं तर ते इंग्रजी, एम-ई असं लिहायचं, अर्थ मला. अवतरणाशिवाय मी म्हणजे आपलं मराठी मी. तसंच 'ही' म्हणजे एच-ई, अर्थ तो. कानाला हे दोन शब्द फार फसवतात, म्हणून आधीच सांगितलं.

पहिली पायरी: वहीत चार रकाने आखा

पहिला रकाना करणाऱ्याचा: 'आय', 'वुई', 'यू', 'ही', 'शी', 'इट', 'दे', 'हू'.

दुसरा, ज्याच्यावर क्रिया होते त्याचा: 'मी', 'अस', 'यू', 'हिम', 'हर', 'इट', 'देम', 'हूम'.

तिसरा मालकीचा. यात दोन तऱ्हा आहेत. पुढे वस्तूचं नाव येणार असेल तर 'माय', 'अवर', 'युअर', 'हिज', 'हर', 'इट्स', 'देअर', 'हूज'. वस्तूचं नाव येणार नसेल तर 'माइन', 'अवर्स', 'युअर्स', 'हिज', 'हर्स', 'देअर्स'. 'धिस इज माय स्कूटर', पण 'धिस स्कूटर इज माइन'.

चौथा रकाना 'सेल्फ'वाल्यांचा: 'मायसेल्फ', 'युअरसेल्फ', 'हिमसेल्फ', 'हरसेल्फ', 'इटसेल्फ', आणि अनेकवचनी 'अवरसेल्व्ह्ज', 'युअरसेल्व्ह्ज', 'देमसेल्व्ह्ज'. 'हिजसेल्फ' आणि 'देअरसेल्व्ह्ज' असे शब्द प्रमाण इंग्रजीत नाहीत.

'यू' आणि 'इट' पहिल्या दोन्ही रकान्यांत तेच राहतात, 'हर' कर्मातही आहे आणि मालकीतही. त्यामुळे 'यू' आणि 'इट' यांत कर्ता-कर्माची चूक करायला जागाच नाही. घोळ होतो तो 'आय' आणि 'मी', 'ही' आणि 'हिम', 'शी' आणि 'हर', 'वुई' आणि 'अस', 'दे' आणि 'देम', 'हू' आणि 'हूम' या जोड्यांत. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांनाही विभक्तीची रूपं होती. ती काळाच्या ओघात झिजून गेली आणि कर्ता-कर्माचा फरक जवळजवळ फक्त सर्वनामांत उरला. मराठी माणसाला विभक्ती नवी नाही, त्यामुळे रकाने पाठ व्हायला वेळ लागत नाही. खरी अडचण पुढच्या पायरीत आहे.

दुसरी पायरी: प्रत्ययाकडे पाहू नका, इंग्रजी क्रियापदाकडे पाहा

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. घाई असेल तर बाकीचं नंतर वाचा, पण हे आज वाचा.

मराठीत "ला" दिसला की हात सरळ दुसऱ्या रकान्याकडे जातो. मला म्हणजे 'मी', त्याला म्हणजे 'हिम'. "ताईने मला बोलावलं" याचं 'ताई कॉल्ड मी' होतं तेव्हा हे बरोबरही असतं. पण आता ही वाक्यं पाहा. मला भूक लागली आहे. त्याला ताप आहे. आईला पोह्यांवर जिरावन आवडतं. तिला पोहता येतं. आम्हाला उद्या महूला जायचंय. कोणाला माहीत आहे? सगळीकडे "ला" आहे, आणि इंग्रजीत सगळीकडे पहिलाच रकाना लागतो: 'आय एम हंग्री', 'ही हॅज अ फीव्हर', 'शी लाइक्स इट', 'शी कॅन स्विम', 'वुई हॅव टू गो', 'हू नोज?'

असं का होतं? भूक, ताप, आवड, गरज, माहिती, जमणं-न जमणं या गोष्टी मराठीत माणसाकडे येतात, त्याला लागतात, त्याला होतात. माणूस त्या करत नाही, म्हणून त्याला "ला" लागतो. इंग्रजी त्याच माणसाला कर्त्याच्या जागी बसवतं: तो आवडवून घेतो, तो ताप बाळगतो. हिंदीचंही वळण मराठीसारखंच आहे, "मुझे भूख लगी है", त्यामुळे हिंदीतून इंग्रजीत जाणाऱ्यालाही ठेच इथेच लागते.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी इंग्रजी क्रियापद ठरवा. मग त्या क्रियापदाला विचारा, "हे कोण करतं?" उत्तर येईल तो माणूस पहिल्या रकान्यात. राहिलेल्या माणसाला दुसरा रकाना. "मला तो आवडतो" या वाक्यात क्रियापद 'लाइक'. आवड कोण बाळगतो? मी. म्हणून 'आय लाइक हिम'. मराठीत "मला" आणि "तो", इंग्रजीत बरोबर उलट, 'आय' आणि 'हिम'. हे एक वाक्य मोठ्या अक्षरात लिहून टेबलासमोर चिकटवा.

"ने"चंही असंच. त्याने चहा केला, तिने पत्र लिहिलं: 'ही मेड टी', 'शी रोट अ लेटर'. "ने" लागला म्हणून इंग्रजीत काहीही बदलत नाही.

आता उलट बाजू. माझ्याशी, त्याच्याबरोबर, तिच्याकडून, आमच्यासाठी, त्यांच्याबद्दल. मराठीत यांच्या पोटात "माझ्या", "त्याच्या" अशी मालकीसारखी दिसणारी रूपं आहेत, त्यामुळे 'विथ हिज' किंवा 'फॉर अवर' असं लिहिलं जातं. 'विथ', 'फॉर', 'फ्रॉम', 'टू', 'अबाउट', 'बिट्वीन' अशा शब्दांनंतर सर्वनाम एकटं येत असेल तर दुसरा रकाना, अपवाद जवळजवळ नाहीच: 'विथ हिम', 'फ्रॉम हर', 'फॉर अस', 'अबाउट देम'. "मला जाऊ दे" मधल्या 'लेट'नंतरही दुसराच: 'लेट मी गो', 'लेट हिम स्पीक'.

तिसरी पायरी: जोडी आली की एकाला बोटाने झाका

एकटा 'आय' किंवा एकटा 'मी' सहसा कोणी चुकवत नाही. जोडीला दुसरा माणूस आला की तोल जातो. 'माय ब्रदर अँड मी वेंट टू राजवाडा', की 'माय ब्रदर अँड आय'? भावाला बोटाने झाका. 'मी वेंट' कानाला लगेच खटकतं, 'आय वेंट' बरोबर वाटतं. म्हणून 'माय ब्रदर अँड आय वेंट'.

आता 'मावशी गेव्ह स्वीट्स टू माय ब्रदर अँड आय'. पुन्हा भावाला झाका. 'गेव्ह स्वीट्स टू आय' असं कोणी म्हणेल का? नाही. म्हणून 'टू माय ब्रदर अँड मी'.

ही दुसरी चूक शिकलेल्या माणसांच्या हातून जास्त होते. लहानपणी "'मी' नको, 'आय' म्हण" असं इतक्यांदा ऐकलेलं असतं की 'आय' हेच सभ्य आणि शुद्ध रूप वाटायला लागतं, मग ते नको तिथेही घुसतं. 'बिट्वीन यू अँड आय' हे त्याचं नेहमीचं उदाहरण. इंग्रजी हीच मातृभाषा असलेले लोकही असं बोलतात. पण प्रमाण लेखनात आणि परीक्षेत 'बिट्वीन यू अँड मी' हेच बरोबर.

मराठीत आपण "मी आणि ताई" असं स्वतःपासून सुरू करतो, त्यात काही वावगं नाही. इंग्रजीत स्वतःला शेवटी ठेवायची रीत आहे: 'माय सिस्टर अँड आय'. हा शिष्टाचार आहे, व्याकरणाची सक्ती नाही. अर्जात आणि मेलमध्ये तो पाळलेला बरा.

तुलनेतला प्रश्न हमखास येतो: 'ही इज टॉलर दॅन मी' की 'दॅन आय'? बोलताना 'दॅन मी' सर्रास चालतं आणि त्यात गैर नाही. जुन्या वळणाचे पेपर 'दॅन आय' मागतात. दोन्ही वाद टाळायचे असतील तर 'दॅन आय एम' असं पूर्ण लिहा, त्याला कोणी हरकत घेत नाही. तसंच दारावर टकटक झाली, "कोण आहे?" विचारलं, तर 'इट्स मी' म्हणा. 'इट इज आय' आज फार अवघडलेलं वाटतं.

चौथी पायरी: मुलाखतीत 'मायसेल्फ' म्हणून सुरुवात करू नका

विजयनगरच्या कुठल्याही ऑफिसबाहेर मुलाखतीच्या दिवशी बसलात तर हे वाक्य ऐकू येतंच: 'मायसेल्फ अमुक तमुक, फ्रॉम इंदूर.' भारतभर ते इतकं रुजलं आहे की ते चूक आहे हेच अनेकांना पटत नाही.

'सेल्फ'वाल्या शब्दाला वाक्यात आधी त्याचा धनी लागतो. 'मायसेल्फ' यायचा असेल तर त्याच वाक्यात 'आय' हवा: 'आय हर्ट मायसेल्फ', 'आय कुक्ड इट मायसेल्फ'. पहिल्यात क्रिया फिरून करणाऱ्यावरच आली. दुसऱ्यात "माझं मी केलं, दुसऱ्याने नाही" असा जोर आहे. 'मायसेल्फ अमुक' या वाक्यात 'आय' तर नाहीच, क्रियापदही नाही. म्हणून सरळ 'आय एम' किंवा 'माय नेम इज' म्हणा. फोनवर "मी अमुक बोलतोय" साठी 'धिस इज अमुक' किंवा 'धिस इज अमुक स्पीकिंग'.

मेलमध्ये 'प्लीज कॉन्टॅक्ट मायसेल्फ' हाही याच कुळातला. तो भारदस्त वाटतो म्हणून लिहिला जातो, पण तिथे साधं 'प्लीज कॉन्टॅक्ट मी' पुरतं आणि शोभतंही.

पाचवी पायरी: बाबांना 'दे' म्हणू नका, पंख्याला 'ही' म्हणू नका

मराठीत वडीलधाऱ्यांना आपण आदराने अनेकवचन लावतो. "बाबा ऑफिसला गेलेत, ते सहाला येतील." "आजी आल्यात, त्या पूजेला बसल्यात." हाच आदर इंग्रजीत नेला की 'माय फादर इज इन ऑफिस, दे विल कम' असं होतं आणि ऐकणारा विचारतो, आणखी कोण येणार आहे? इंग्रजीत राष्ट्रपती असोत की आजोबा, एकच व्यक्ती म्हणजे 'ही' किंवा 'शी'. यात अनादर नाही. आदर तिथे सर, मॅडम आणि वाक्याच्या मवाळ वळणातून दाखवतात.

'यू'चं याच्या उलट. तू, तुम्ही, आपण या तिन्हींना 'यू', आणि समोर एकच माणूस असला तरी क्रियापद अनेकवचनी, 'यू आर', 'यू वर'. इंग्रजीतही एके काळी तू साठी 'दाउ' होता. आदराचा 'यू' हळूहळू सगळीकडे पसरला आणि 'दाउ' मागे पडला. "अहो-जाहो"ची सवय असलेल्याला हे पटकन समजतं.

निर्जीव वस्तूंना मराठीत लिंग आहे. पंखा तो, खुर्ची ती, पुस्तक ते. इंग्रजीत तिघंही 'इट'. मग "पंखा दुरुस्त झाला का? हो, तो झाला" याचं 'ही इज रिपेअर्ड' होऊन बसतं. घाईत बोलताना हे घडतं, लिहिताना तरी थांबून पाहा. घरच्या कुत्र्या-मांजरांना मात्र 'ही' किंवा 'शी' म्हणतात.

'इट'चं एक काम मराठीला मुळीच माहीत नाही. "पाऊस पडतोय", "पाच वाजले", "लांब आहे" या वाक्यांत मराठीला सर्वनाम लागत नाही. इंग्रजी वाक्याची कर्त्याची जागा मात्र रिकामी चालत नाही, तिथे 'इट' उभा राहतो: 'इट इज रेनिंग', 'इट इज फाइव्ह', 'इट इज फार'. आणि "तिथे एक दुकान आहे" असं पहिल्यांदाच काही सांगायचं असेल तर 'इट' नाही, 'देअर': 'देअर इज अ शॉप निअर राजवाडा'. त्याच दुकानाबद्दल पुढे बोलताना 'इट': 'इट ओपन्स ॲट टेन'.

"प्रत्येकाने आपापला डबा आणावा" इथे काय लिहायचं? 'एव्हरीवन' हे एकवचनी आहे, त्यामुळे क्रियापद 'इज', 'हॅज', 'ब्रिंग्ज' असं लागतं. मालकीसाठी पूर्वीची पुस्तकं 'हिज' किंवा 'हिज ऑर हर' सांगत. आज 'देअर' मोठ्या प्रमाणावर स्वीकारलं गेलं आहे: 'एव्हरीवन शुड ब्रिंग देअर टिफिन'. एकवचनी 'दे' ही कालची फॅशन आहे असं समजू नका, चौदाव्या शतकापासून त्याचे लेखी दाखले आहेत. स्वतःला स्त्री किंवा पुरुष यांपैकी कशातच न मोजणाऱ्या काही व्यक्ती स्वतःसाठी 'दे' वापरतात, आणि २०१९ मध्ये मेरियम-वेब्स्टर या अमेरिकी कोशाने तो अर्थ नोंदवला. कोणी तसं सांगितलं तर तेच वापरावं. पेपरात मात्र पर्याय नीट वाचा. जुन्या धर्तीचा प्रश्न असेल तर उत्तर 'हिज' किंवा 'हिज ऑर हर' असू शकतं.

सहावी पायरी: सारख्या आवाजाचे शब्द उलगडून पाहा

हा घोळ फक्त लिहिताना होतो. आय-टी-एस आणि आय-टी-अपॉस्ट्रॉफी-एस, दोन्हींचा उच्चार 'इट्स'. टी-एच-ई-आय-आर, टी-एच-ई-आर-ई आणि टी-एच-ई-वाय-अपॉस्ट्रॉफी-आर-ई, तिन्ही कानाला जवळजवळ 'देअर'. वाय-ओ-यू-आर आणि वाय-ओ-यू-अपॉस्ट्रॉफी-आर-ई. डब्ल्यू-एच-ओ-एस-ई आणि डब्ल्यू-एच-ओ-अपॉस्ट्रॉफी-एस.

एका नियमाने चारही सुटतात. मालकीच्या या सर्वनामांत अपॉस्ट्रॉफी कधीच नसतो. असेल तर तिथे दोन शब्द एकत्र आलेले आहेत. तेव्हा उलगडून वाचा: 'इट इज' किंवा 'इट हॅज', 'दे आर', 'यू आर', 'हू इज' किंवा 'हू हॅज'. वाक्य अर्थाने बसलं तर अपॉस्ट्रॉफी द्या, नाही तर नको. 'द बँक चेंज्ड इट्स टायमिंग्ज' उलगडलं तर 'द बँक चेंज्ड इट इज टायमिंग्ज' होतं. अर्थच लागत नाही, म्हणून अपॉस्ट्रॉफी नाही.

नवशिक्याची चूक होते त्याला कारण आहे. नामांना मालकी दाखवताना अपॉस्ट्रॉफी लागतोच, 'सीताज सायकल'मध्ये तो आहे. मग 'इट'ला का नाही, हा प्रश्न रास्त आहे. 'इट्स' हे मालकीचं रूप इंग्रजीत उशिरा, सोळाव्या शतकाच्या अखेरीस आलं. त्याआधी निर्जीव वस्तूंनाही 'हिज'च वापरत. नवं रूप आल्यावर पुढची दोनेकशे वर्षं बरेच लोक त्यातही अपॉस्ट्रॉफी लिहीत, छापील पुस्तकांतही तो सापडतो. 'हिज', 'हर्स', 'अवर्स' यांच्या रांगेत बसवून तो काढून टाकण्याचा संकेत नंतर पक्का झाला. ती रांग लक्षात ठेवा. 'हिज'मध्ये कोणी अपॉस्ट्रॉफी घालत नाही, मग 'इट्स'मध्येही नको.

मोबाइलचा कीबोर्ड स्वतःहून अपॉस्ट्रॉफी घालतो, तेव्हा पाठवण्याआधी हे चार शब्द डोळ्यांखालून घाला.

सातवी पायरी: 'हू', 'हूम', 'विच', 'दॅट' आणि आपलं जो-तो

'हू' की 'हूम' यासाठी उत्तर देऊन पाहा. उत्तरात 'ही' आला तर 'हू', 'हिम' आला तर 'हूम'. "फॉर्म कोणी भरला?" 'ही फिल्ड इट', म्हणून 'हू फिल्ड द फॉर्म?' "तुम्ही कोणाला भेटलात?" 'आय मेट हिम', म्हणून 'हूम डिड यू मीट?' 'हिम' आणि 'हूम' दोघांच्या शेवटी एम आहे, हे लक्षात ठेवायला सोपं. बोलताना 'हू डिड यू मीट?' सगळेच म्हणतात, तिथे अडून बसू नका. पण 'टू', 'फॉर', 'विथ' पुढे लागून आलं तर 'हूम'च: 'टू हूम', 'विथ हूम'. आणि दुसऱ्या पायरीतला "कोणाला माहीत आहे?" विसरू नका. "ला" असूनही 'हू नोज'.

परीक्षेत फसवायला मध्येच 'आय थिंक' किंवा 'दे सेड' घालतात: 'द क्लार्क हू आय थिंक टुक द फाइल'. मधलं 'आय थिंक' झाका. 'ही टुक द फाइल', म्हणून 'हू'.

मराठीची सगळ्यात खोल सवय इथे आड येते. "जो मुलगा शेजारी राहतो, तो इंजिनिअर आहे." मराठीत जो आला की तो यावाच लागतो, त्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. त्याच वळणाने 'द बॉय हू लिव्ह्ज नेक्स्ट डोअर, ही इज ॲन इंजिनिअर' लिहिलं जातं. इंग्रजीत 'हू'ने जो आणि तो दोघांचं काम केलेलं असतं. 'ही' काढून टाका: 'द बॉय हू लिव्ह्ज नेक्स्ट डोअर इज ॲन इंजिनिअर'. वस्तूंचंही तसंच. 'द बुक विच आय बॉट इट' मधला 'इट' जादा आहे. लिहून झालं की 'हू', 'विच', 'दॅट' असलेलं प्रत्येक वाक्य घ्या आणि मागून एखादा फालतू 'ही' किंवा 'इट' आला आहे का ते शोधा. मराठी माणसाच्या इंग्रजीत तो बऱ्याचदा सापडतो.

माणसांसाठी 'हू', वस्तूंसाठी 'विच', आणि 'दॅट' दोघांसाठी चालतो. स्वल्पविराम देऊन जादा माहिती जोडायची असेल तर 'विच' किंवा 'हू', तिथे 'दॅट' नको: 'द राजवाडा, विच हॅज सेव्हन स्टोरीज, इज इन द ओल्ड सिटी'. स्वल्पविरामाशिवाय, नेमकी कोणती वस्तू हे ठरवणाऱ्या वाक्यात अमेरिकी संपादक 'दॅट'चा आग्रह धरतात, ब्रिटिश वळणात 'विच'ही चालतो. आपल्याकडे दोन्ही चालतात, पण एकाच मजकुरात एकच धरा. "तो म्हणाला ते सगळं" याचं मात्र 'ऑल व्हॉट ही सेड' करू नका. 'ऑल दॅट ही सेड', किंवा नुसतं 'व्हॉट ही सेड'.

आठवी पायरी: 'शी' म्हणजे कोण, 'वुई' म्हणजे कोण

व्याकरण बरोबर असूनही वाचणारा गोंधळू शकतो. "ताईने वहिनीला सांगितलं की तिची पर्स हरवली." पर्स कोणाची? मराठीत आपण "आपली पर्स" किंवा "स्वतःची पर्स" म्हणून सोडवतो. इंग्रजीत 'हर' दोघींनाही लागू पडतो, आणि 'हर ओन' प्रत्येक वेळी पुरत नाही. अशा वेळी सर्वनामाचा हट्ट सोडा, नाव पुन्हा लिहा. ऑफिसच्या मेलमध्ये नाव दोनदा आलं तर काही बिघडत नाही.

आम्ही आणि आपण हा सुंदर फरक इंग्रजीत नाही, दोन्हीला 'वुई'. "आम्ही उद्या साइटवर जाऊ" आणि "आपण उद्या साइटवर जाऊ" यांत समोरच्याने यायचं की नाही हे बदलतं. म्हणून आपण असेल तर 'लेट अस' किंवा 'यू अँड आय', आणि आम्ही असेल तर 'अवर टीम विल' असं स्पष्ट लिहा.

सराव

रोज घरात बोललेली पाच मराठी वाक्यं वहीत उतरवा, त्यांतली निदान दोन "मला" किंवा "त्याला"ची असू द्या, आणि त्यांचं इंग्रजी करताना आधी क्रियापद अधोरेखित करा. नुसत्या पर्यायांवर खुणा करण्यापेक्षा याने हात लवकर बसतो.

आणि हा एक मेल दुरुस्त करून पाहा. फ्लॅट बघून आलेल्या माणसाने मालकाला लिहिलेला: 'मायसेल्फ अँड माय वाइफ सॉ द फ्लॅट ऑन संडे. माय फादर ऑल्सो केम अँड दे लाइक्ड द किचन. द फ्लॅट हॅज इट्स ओन पार्किंग, विच इट इज व्हेरी गुड. प्लीज कॉल माय वाइफ ऑर आय आफ्टर सिक्स.' यातला 'इट्स' अपॉस्ट्रॉफी देऊन लिहिलेला आहे असं समजा.

पहिल्या वाक्यात बायकोला झाकलं की 'आय सॉ' उरतं, म्हणून 'माय वाइफ अँड आय'. वडील एकच आहेत, म्हणून 'ही लाइक्ड'. पार्किंगची मालकी आहे, 'इट इज ओन' होत नाही, म्हणून अपॉस्ट्रॉफी काढा. 'विच'ने काम केलेलंच आहे, मागचा 'इट' जादा: 'विच इज व्हेरी गुड'. शेवटच्या वाक्यात फोन मालकाने करायचा आहे आणि तो आपल्याला यायचा आहे, म्हणून 'कॉल माय वाइफ ऑर मी'.